आधी पैसा खात्यात, मग किल्ली हातात

भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांतील वाहनमालकांना तातडीचे आवाहन

जुनी कार, ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोटारसायकल विकायला काढली असेल, तर सौदा पक्का करण्याआधी हे वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ठरलेली पूर्ण रक्कम तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात, घेणाऱ्याच्याच नावाने जमा झालेली तुम्ही डोळ्यांनी पाहत नाही, तोवर किल्ली, आरसी आणि फॉर्मवरची सही यांपैकी एकही गोष्ट हातातून सोडू नका. समोरचा कितीही गोड बोलो, कितीही घाई करो, कितीही मोठ्या माणसाचे नाव घेवो.

आपल्याकडे वाहन विकण्याची रीत साधी होती. घेणारा शेजारच्या गावचा, ओळखीतला किंवा ओळखीच्याच्या ओळखीतला. बयाणा दिला, चार माणसांसमोर चहा झाला, बाकीचे पैसे धानाचे चुकारे आल्यावर. पैसे अडलेच तर त्याच्या काकाला, सासऱ्याला, नाहीतर सरपंचाला गाठता येत होते. आता गाडीचे फोटो मोबाइलवरून जाहिरातीत चढतात आणि तासाभरात नागपूर, बालाघाट, रायपूर, कुठूनही फोन येतो. माणूस अनोळखी असतो, पण व्यवहार आपण अजून ओळखीच्या माणसाशी केल्यासारखाच करतो. फसवणाऱ्यांचे पोट नेमके यावरच चालते.

‘फौजी साहेबां’चा फोन

हा डाव बहुतेकांच्या कानावर आला आहे, तरी तो अजून लागतो. जाहिरात टाकली की फोन येतो. बोलणारा हिंदीत, अदबीने बोलतो आणि आपण फौजेत किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचे सांगतो. आपल्या जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. त्यामुळे ‘अभी भंडारा में पोस्टिंग हुई है’ हे वाक्य इथे कुणालाही खरे वाटते. व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो येतो, ओळखपत्र येते, कँटीन कार्डसुद्धा येते. भाव तो घासाघीस न करता मान्य करतो. गाडी पाहायला मात्र येत नाही. ड्युटी सुरू असते आणि गाडी न्यायला त्याचा माणूस येणार असतो.

मग तो ‘खाते तपासायला’ पाच रुपये पाठवतो. ते खरोखर येतात. त्यामागून क्यूआर कोड येतो. स्कॅन करा, पिन टाका, बयाण्याचे वीस हजार तुमच्या खात्यात पडतील, असे सांगितले जाते. पिन टाकला की वीस हजार येत नाहीत, जातात. ‘उलटं झालं, लगेच परत करतो’ म्हणून दुसरा कोड येतो आणि आणखी तेवढेच जातात.

यात अडाणी माणूसच सापडतो असे समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या घरातल्या व्यक्तीने जुना सोफा विकायला ऑनलाइन जाहिरात दिली होती. घेणाऱ्याने आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास बसवला, मग क्यूआर कोड पाठवले आणि दोन वेळा मिळून ३४ हजार रुपये काढून घेतले. सोफ्याला लावलेली युक्तीच कारला लागते, फक्त रक्कम मोठी असते.

यूपीआयचा पिन टाकणे म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायला परवानगी देणे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठली लिंक उघडावी लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय अशाच फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पण दुकानदाराच्या नावाने मागणी अजून पाठवता येते, आणि क्यूआर कोड व लिंका तर सुरूच आहेत. म्हणून घेणाऱ्याला फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड द्या. खात्यावरचे नाव बरोबर आहे का, हे त्याला एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना त्याच्याच बँकेत दिसते. ‘खाते तपासण्यासाठी’ तुमच्याकडून आणखी काही लागत नाही.

अंगणात दोघे, पैसा तिसऱ्याकडे

दुसरा डाव याहून पक्का आहे, कारण त्यात खरे गिऱ्हाईक तुमच्या अंगणात उभे असते.

समजा, लाखनीच्या एका शिक्षकाने आपली कार साडेतीन लाखांना काढली. एक जण फोनवर भाव मान्य करतो आणि गाडीचे व आरसीचे फोटो मागवून घेतो. तेच फोटो तो स्वतःच्या जाहिरातीत टाकतो, किंमत मात्र अडीच लाख. ती जाहिरात पाहून गोंदियाचा एक गरजू माणूस त्याला फोन करतो. आता हा मधला माणूस दोघांना दोन गोष्टी सांगतो. शिक्षकाला : ‘माझा साळा गाडी पाहायला येतो आहे जी. त्याच्याकडून माझे घेणे आहे, तेव्हा त्याला भाव सांगू नका. तुमचे पैसे मीच टाकतो.’ गोंदियाच्या माणसाला : ‘गाडी लाखनीला माझ्या भावाकडे उभी आहे. त्याच्याशी पैशाचे बोलू नका, आमचा घरचा मामला आहे.’

दोघे भेटतात. बोनेट उघडून पाहतात, हायवेवर एक चक्कर मारून येतात, चहा घेतात आणि पैशाविषयी एक शब्द बोलत नाहीत. गोंदियाचा माणूस अंगणातूनच मधल्याने दिलेल्या खात्यावर अडीच लाख पाठवतो आणि किल्ली मागतो. शिक्षक म्हणतात, माझ्याकडे तर काहीच आले नाही. मधल्याचा फोन बंद असतो. दोन सज्जन माणसे एकमेकांना चोर ठरवत पोलीस ठाण्याची पायरी चढतात.

हा डाव मोडायला एक प्रश्न पुरतो. गाडी पाहायला आलेल्या माणसाला तोंडावर विचारा : ‘तुम्ही ही गाडी कितीला घेत आहात आणि पैसे कुणाच्या खात्यावर टाकणार आहात?’ ‘त्याच्याशी भावाचे बोलू नका’ असे फोनवर कुणी म्हटले, तर तो सौदा तिथेच संपला असे समजा. गाडी घ्यायला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आरसीवर ज्याचे नाव, त्याच्याच खात्यावर पैसे. भाऊ, साळा, पुतण्या, ‘आमचे मॅनेजर’ यांच्या खात्यावर नाही.

पैसे ‘आले’ असे केव्हा समजायचे?

समोरच्याच्या फोनवर हिरवी खूण दिसली म्हणजे पैसे आले नाहीत. हुबेहूब यूपीआयसारखी पावती दाखवणारी बनावट अॅप्स आहेत, आणि जुन्या स्क्रीनशॉटवर रक्कम बदलणे पोरासोरांनाही जमते. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून साधारणपणे दिवसाला १ लाख रुपयांपर्यंतच पाठवता येतात. ‘साडेतीन लाख एकदम फोनवरून मारले’ असे कुणी म्हणाले की सावध व्हा.

तुमच्या फोनवर आलेल्या मेसेजवरही विसंबू नका. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आपल्या फोनवर आपल्याच हाताने बँकेचे अॅप उघडून शिल्लक पाहा, नाहीतर एटीएमवर मिनी स्टेटमेंट काढा, नाहीतर सरळ शाखेत जाऊन पासबुक छापून घ्या. साधा फोन असेल तर *९९# डायल करूनही शिल्लक कळते. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून मात्र कधीही पाहू नका.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. आरटीजीएस २ लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी असते, आयएमपीएसने ५ लाखांपर्यंत लगेच पाठवता येतात. ‘रविवार आहे, पैसे सोमवारी दिसतील, गाडी आज नेतो’ ही सबब आता चालत नाही. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, दाखवला म्हणजेही पैसे जमा झाले असे नव्हे. नंबर खोटा असू शकतो, किंवा व्यवहार परत फिरलेला असू शकतो.

चेकवर गाडी देऊ नका. काही जण तुमच्या खात्यात स्वतःच चेक भरतात आणि पावती आणून दाखवतात. खात्यात रक्कम दिसते, पण ती वटलेली नसते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी क्लिअर करण्याची पद्धत सुरू झाली आहे. तेव्हा चेक घ्यावाच लागला, तर तो वटल्याचे शाखेत विचारून मगच गाडी द्या. चेक परतला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दाद मागता येते. बँकेकडून चेक परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तारखांमागून तारखा पडेपर्यंत तुमची गाडी कुठल्या राज्यात पळत असेल, याचा विचार आधी करा.

डिमांड ड्राफ्ट म्हणजे रोखच, असे मानणारी पिढी अजून आहे. ड्राफ्टही बनावट असतो. सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट काढणाऱ्याचे नाव त्याच्या दर्शनी बाजूवर छापले जाते. ते नाव आणि घेणाऱ्याचे नाव एकच आहे का पाहा. ज्या शाखेचा ड्राफ्ट आहे त्या शाखेत जाऊन किंवा फोन करून खात्री करा. शाखेचा नंबर तुम्ही शोधा, ड्राफ्टवर छापलेला किंवा त्याने दिलेला नको.

रोख रकमेचे दोन धोके आहेत. एक कायद्याचा. एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. दंड पैसे देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला म्हणजे गाडी विकणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. तीन दिवसांत तुकडे पाडून घेतले तरी व्यवहार एकच. दुसरा धोका नोटांचा. बंडलात वर-खाली खऱ्या आणि मध्ये मुलांच्या खेळातल्या नोटा, हा प्रकार जुनाच आहे. बनावट नोट काउंटरवर सापडली तर बँक ती जप्त करते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. पाच किंवा अधिक सापडल्या तर प्रकरण पोलिसांत जाते, आणि नोटा तुम्ही आणलेल्या असतात. म्हणून दोन लाखांच्या आतली रोकडही बँकेतच, मशीनवर मोजून, घेणाऱ्याच्या समोर आपल्या खात्यात भरा आणि मगच किल्ली द्या.

आणखी एक सूचना. ठरल्यापेक्षा जास्त पैसे ‘चुकून’ आल्याचा मेसेज आला आणि वरचे परत मागितले, तर एक रुपयाही पाठवू नका. सहसा मुळात काहीच आलेले नसते.

पैसे आले, पण कुणाच्या खात्यातून?

याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. घेणारा एक, पैसे दुसऱ्याच्या खात्यातून. कधी तिघा-चौघांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी. आपण म्हणतो, आले ना पैसे, कुणाच्या का असेनात.

पण ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून काढलेले असू शकतात. त्या माणसाने १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, तिथली रक्कम आणि कधीकधी पूर्ण खाते गोठवले जाते. मग गाडीही गेलेली, पैसेही अडकलेले आणि धानाचे चुकारेही त्याच खात्यात बंद. तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून आधीच बजावा : पैसे घेणाऱ्याच्याच खात्यातून येतील. खात्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि ज्याच्या नावावर गाडी चढवायची ते नाव एकच पाहिजे. कर्ज काढून घेत असेल, तर पैसे त्याच्या बँकेकडून थेट यावेत.

तुमचे खातेही तपासून ठेवा. पूर्ण केवायसी न झालेल्या ‘छोट्या खात्यात’ एका आर्थिक वर्षात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर ठेवता येत नाही. गाडी विकायला काढण्याआधी शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करा. ‘माझ्या खात्यात अडचण आहे, पुतण्याच्या नंबरवर टाका’ असे सांगून नवा घोळ करू नका.

‘हप्ते मी भरतो’ला भुलू नका

गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर कर्ज बाकी असताना थोडी रक्कम हातात घेऊन पुढचे हप्ते घेणाऱ्याने भरायचे, असे सौदे गावोगावी होतात. असा सौदा करू नका. बँकेच्या लेखी कर्जदार तुम्हीच राहता. दोन हप्ते भरून तो थांबला की नोटीस तुमच्या दारी, सिबिल तुमचे खराब, जामीनदार तुमचे नातेवाईक आणि ट्रॅक्टर कुठल्या रेतीघाटावर आहे याचा पत्ता नाही. शिवाय कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढतच नाही.

योग्य रीत अशी. बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज पूर्ण फेडण्याची रक्कम लेखी घ्या. घेणाऱ्याला तेवढी रक्कम थेट कर्ज खात्यात भरू द्या. एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचे एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा. राहिलेली रक्कम तुमच्या खात्यात आली की मग ताबा द्या.

सौदा असा करा

१. सौदा बँकेच्या शाखेत, कामकाजाच्या दिवशी, सकाळच्या वेळी करा. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते. संध्याकाळी उशिरा ‘आत्ताच न्यायची आहे’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलवा.

२. घरचे किंवा गावचे एक माणूस सोबत ठेवा. चक्कर मारायला दिली तर घेणाऱ्याचा मूळ वाहन परवाना हातात घ्या आणि स्वतः गाडीत बसा.

३. जाहिरातीत नंबर प्लेट झाका. आरसी, आधार, पॅन यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पाहायला आला की मूळ कागद दाखवा.

४. घेणाऱ्याचे आधार, पॅन, परवाना आणि पत्त्याचा पुरावा मूळ स्वरूपात पाहा, झेरॉक्सवर त्याची सही घ्या. त्याच्या नंबरवर समोरच फोन लावून पाहा.

५. बयाणाही खात्यातच घ्या. किती आला, बाकी किती, कुठल्या तारखेपर्यंत, सौदा फिसकटला तर बयाण्याचे काय, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या करा.

६. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावर पासबुक छापा. त्यानंतरच नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवण्याची सवय सोडा. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असल्याशिवाय पेन उचलू नका.

७. नाव बदलाचा अर्ज ऑनलाइन करताना मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सहीच. पैसे येण्याआधी तो एजंटालाही सांगू नका.

८. ताबा पावती करा. तारीख, वेळ, किलोमीटरचे रीडिंग, इंजिन व चेसिस क्रमांक, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ताबा दिल्यानंतर झालेल्या दंडाला आणि अपघाताला घेणारा जबाबदार, हे त्यात लिहा.

गाडी जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला देत असाल, तर त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची माहिती फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन नोंदवली की तो त्या गाडीचा मालक समजला जातो. ‘विकली की पैसे देतो’ या बोलीवर, नोंद न करता गाडी त्याच्या आवारात सोडून येऊ नका.

पैसे मिळाले, तरी काम संपत नाही

नोटरी केलेला करारनामा म्हणजे नाव बदल नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडी बालाघाट किंवा राजनांदगावला जाणार असेल, तर भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयातून फॉर्म २८ वर एनओसी काढावी लागते. एमएच-३६ ची पाटी लावून ती वर्षानुवर्षे दुसऱ्या राज्यात फिरत राहिली, तर कागदावर ती तुमचीच.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. २००७ मध्ये विकलेली एक कार पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात जीव गेला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. गाडी आपण केव्हाच विकली हा त्याचा बचाव टिकला नाही. नोंदीवर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल झाला.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच लागू आहे. वैनगंगा, सूर, बावनथडी या नद्यांच्या काठी रेतीची चोरटी वाहतूक चालते. पकडलेला ट्रॅक्टर किंवा टिप्पर कुणाच्या नावावर आहे, हे महसूल आणि पोलीस विभाग नोंदीवरूनच पाहतात. ई-चलानचे मेसेजही नोंदीतल्या मोबाइलवर येतात. म्हणून एजंटाच्या ‘कागद टाकले आहेत, होऊन जाईल’ यावर थांबू नका. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव बदलले का, ते स्वतः पाहा. फास्टॅग गाडी देण्याआधी बंद करा, नाहीतर माथनी आणि सेंदुरवाफ्याच्या नाक्यांवरचा टोल तुमच्याच खात्यातून कटत राहील. विमा कंपनीलाही विक्री लेखी कळवा.

फसवणूक झालीच तर

लाज बाळगून गप्प बसू नका. पहिला तास सोन्याचा असतो. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार वेळेत गेली तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून खाते व यूपीआय थांबवायला सांगा. फोन नंबर, चॅट, स्क्रीनशॉट, क्यूआर कोड, खाते क्रमांक काहीही पुसू नका. गाडीच नेली असेल तर ११२ वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार घटना कुठेही घडली असली तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ‘आमच्या हद्दीतले नाही’ असे ऐकून परत फिरू नका.

‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ असा फोन त्यानंतर येईल. तोही त्यांच्यातलाच असतो.

हे काम एकट्या विकणाऱ्याचे नाही

बँकेतल्या कर्मचाऱ्यांनो, काउंटरवर कुणी घाबरलेला माणूस कानाला फोन लावून अनोळखी खात्यावर मोठी रक्कम टाकत असेल, तर दोन मिनिटे थांबवून विचारा. सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रे चालवणाऱ्या भावांनो, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवू नका. एजंटांनो, मूळ मालकाशी बोलल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय एकदा मांडावा आणि १९३० हा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, हजारो माणसे जमतात. रात्री नाटकाचा पडदा उघडण्याआधी माइकवरून दोन मिनिटे हे सांगायला मंडळांना काहीच खर्च नाही.

आणि तरुणांनो, घरातल्या मोठ्यांच्या फोनवर यूपीआय तुम्हीच टाकून दिले आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही त्यांना तुम्हीच शिकवा. बाबांनी गाडी विकायला काढली असेल, तर त्या दिवशी सुटी काढून त्यांच्यासोबत बँकेत बसा.

खरे गिऱ्हाईक बँकेत यायला कुरकुरत नाही, स्वतःच्या खात्यातून पैसे द्यायला कचरत नाही आणि एक दिवस थांबायला नाही म्हणत नाही. जो यांतल्या एकालाही तयार नाही, त्याला गाडी विकू नका, भाव कितीही देत असो. १९३० हा क्रमांक आजच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये टाका, आणि ज्याच्या दारात विकायला काढलेली गाडी उभी आहे अशा माणसाला हे आज रात्रीपर्यंत सांगा.